इअरपॅड बदलले आणि ओळखीचा आवाज परका झाला

शब्दसूर

नमस्कार मंडळी.

मी बोलक्या पुस्तकांचं ध्वनिसंपादन करतो. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी काही लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. त्यातलं खाकरणं, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची करकर काढायची आणि आवाज सगळीकडे एकसारखा करायचा, हे माझं काम. सात वर्षं एकाच क्लोज्ड-बॅक (कप मागून बंद असलेल्या) हेडफोनवर हे काम करतोय. त्याचा आवाज माझ्या कानात इतका मुरलाय की कुठला 'स' जास्त टोचतोय ते आलेखाकडे न बघता सांगता यायचं.

गेल्या महिन्यात त्याच्या इअरपॅडनी, म्हणजे कानाभोवतीच्या गाद्यांनी, मान टाकली. उठलं की कानाच्या पाळीवर, मानेवर, कॉलरवर काळे पापुद्रे. आतला फोम खालच्या बाजूला पुठ्ठ्यासारखा चपटा झाला होता आणि वरच्या कडेला तडे गेले होते. म्हणून दुसऱ्या एका बनावटीचे पॅड घेतले: मेंढीचं कातडं, आत मेमरी फोम, जुन्यापेक्षा चांगलेच जाड. बसवायला दहा मिनिटं लागली.

आरामाच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. तीन-तीन तास बसलो तरी कानामागे दुखत नाही. पण आवाज माझ्या हेडफोनचा राहिलेला नाही. वाचणारी व्यक्ती समोर टेबलाशी बसून वाचतेय असं वाटायचं, ती आता दोन पावलं मागे सरकलीय. खर्ज फुगलाय. आणि 'स', 'श', 'च' सुईसारखे टोचायला लागलेत. या पॅडवर मी दोन प्रकरणं पुरी केली आणि परवा स्पीकरवर ऐकली, तर वाचणाऱ्या बाईंची जीभ जड झाल्यासारखी वाटली. टोचतात म्हणून मी ते 'स' प्रमाणाबाहेर दाबले होते. इतक्या मनापासून वाचलेलं मी बिघडवलं, याचं फार वाईट वाटतंय.

नुसत्या गादीने एवढा फरक पडतो का? की माझेच कान बदललेत?

हेमंतऋतू

कानांना काही झालेलं नाही, निश्चिंत राहा. नवीन पॅडची सवय व्हायला वेळ लागतो. दोन आठवडे थांबा, मेंदू जुळवून घेतो. माझा हाच अनुभव आहे.

रेझिस्टर

हेमंतऋतू, गाणी ऐकायला तुमचा सल्ला चालेल, पण शब्दसूर यांच्या कामात सवय होणं हाच धोका आहे. मेंदूने जुळवून घेतलं तरी फाइलमध्ये दाबलेला 'स' दाबलेलाच राहणार.

आता मूळ प्रश्न. हो, नुसत्या गादीने एवढा फरक पडतो. पॅडला आपण उशी समजतो, पण तो ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या खोलीच्या भिंती आहे. ही खोली केवढी, भिंती कशाच्या, दार नीट लागतं का, यावर आवाज ठरतो. स्पीकरचं खोकं बदललं तर आवाज बदलेल हे सगळ्यांना पटतं. इथे ते खोकं तुमच्या डोक्याला टेकलेलं आहे, इतकाच फरक.

खालच्या सुरांपासून सुरू करू. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते. कपाच्या आत ती लहर म्हणून मावतच नाही. तिथे सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, सायकलच्या पंपासारखी. पंपाला भोक पडलं की दाब तयार होत नाही. पॅड आणि गाल यांच्यात फट राहिली की खर्ज तिथून निसटतो. क्लोज्ड-बॅकमध्ये अगदी बारीक फटीनेसुद्धा खालचे सूर १० डेसिबलपेक्षा जास्त पडू शकतात. केसांची बट, दाढी, चष्म्याची काडी, जबड्याच्या सांध्यामागचा खड्डा, या सगळ्या फटी आहेत.

वरच्या सुरांचं गणित निराळं. ६००० हर्ट्झची लहर सुमारे ५७ मिलिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ कपाच्या आतल्या पोकळीएवढीच. इथे भिंतींवरून आपटून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. काही सूर वर चढतात, काही पडतात. गुळगुळीत कातडं आवाज परतवतं, व्हेलोर (मखमलीसारखं कापड) किंवा छिद्रांचं कापड थोडा शोषून घेतं. पॅड जाड झाला की कान ड्रायव्हरपासून लांब जातो आणि चढउतारांच्या जागाच सरकतात. तुमचे 'स' आणि 'श' नेमके याच पट्ट्यात राहतात.

जुन्या आणि नव्या पॅडची जाडी मोजून सांगाल का? आणि फेकायच्या आधी जुन्या पॅडचा आतला भाग नीट बघा.

चष्मिष्ट

वाचतोय. एक शंका. मला चष्मा आहे आणि दोन्ही कपांत काडीपाशी फट राहते. जाड मेमरी फोमने ती भरेल का? सध्याचे पॅड कडक आहेत, तासाभरात काडी कानामागे रुतते.

तारसप्तक

चष्मिष्ट, बरीच भरते, पण फोम मऊ हवा. जाडीपेक्षा मऊपणा महत्त्वाचा. कडक आणि जाड पॅड चष्मेवाल्याला सगळ्यात वाईट, कारण जाडीमुळे हेडबँड आणखी फाकतो, पकड वाढते आणि सगळा जोर काडीवर येतो. मी स्वतः यात वर्षभर भरडले. जाड पॅड म्हणजे आराम, या समजुतीने एकापाठोपाठ एक जाड पॅड घेत गेले, आणि दरवेळी कानशिलं जास्तच ठणकायची. शेवटी मूळ जाडीचे पण मऊ फोमचे पॅड लावले तेव्हा सुटका झाली.

मेमरी फोमची आणखी एक खोड. तो १९६६ च्या सुमारास नासासाठी विमानाच्या आसनांकरता तयार झाला होता आणि अंगाच्या उबेने नरम पडणं हाच त्याचा गुण आहे. म्हणून थंड पॅड कानावर ठेवला की पहिली दोन-चार मिनिटं तो ताठर असतो, चष्म्याभोवती बसत नाही आणि खर्ज कमी लागतो. ऊब लागली की तो काडीभोवती वळतो आणि खर्ज भरून येतो. त्यामुळे पहिल्या मिनिटात कुठल्याही मेमरी फोमबद्दल मत बनवू नका.

काडी बारीक असेल तर फट आपोआप कमी. माझ्या जाड फ्रेमपेक्षा तारेच्या फ्रेमने खर्जात जो फरक पडला, तो कुठल्याच पॅडने पडला नव्हता.

शब्दसूर

रेझिस्टर, आभारी आहे. वर्निअर कॅलिपरने मोजलं. जुना पॅड सगळ्यात चपट्या जागी ९ मिलिमीटर, जिथे कमी दबलाय तिथे १४. नवा सगळीकडून २४.

पण एक गोष्ट जुळत नाही. पंपाचंच उदाहरण घेतलं तर पॅड जाड झाला म्हणजे आतली हवा वाढली. मोठ्या पोकळीत तेवढ्याच हालचालीने दाब कमी तयार व्हायला हवा. म्हणजे खर्ज कमी व्हायला हवा होता. माझ्याकडे तर तो वाढलाय.

रेझिस्टर

तुमचं गणित बरोबर आहे. फट तेवढीच असती तर पोकळी वाढल्यावर खर्ज थोडा उतरलाच असता. पण तुमच्याकडे फट तेवढीच राहिलेली नाही. तुम्हीच लिहिलंय की जुन्या पॅडला तडे गेले होते आणि एक बाजू पुठ्ठ्यासारखी झाली होती. तिथून काही वर्षं हवा सुटत असणार, रोज थोडी थोडी जास्त. तुमच्या कानाला ते कळलं नाही कारण बदल फार सावकाश झाला. आता नव्या पॅडने दार घट्ट लावलं आणि इतक्या वर्षांत निसटलेला खर्ज एका दिवसात परत आला. फुगलेला वाटणारा काही भाग फुगलेला नसून मुळातला असू शकतो.

खात्री करून घ्या. साधारण ४० ते ६० हर्ट्झचा एक स्थिर सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही तळव्यांनी कप डोक्याशी हलकेच दाबा. नव्या पॅडवर फारसा फरक पडला नाही तर सील (फट न राहता पॅड बसणं) चांगलं आहे. मग जुने पॅड परत चढवून तेच करा. दाबल्यावर सूर एकदम भरून आला तर गळती होती हे सिद्ध झालं. दाबल्याने पोकळीही किंचित कमी होते, त्यामुळे किंचित फरक सोडून द्या.

'स' टोचण्याचं कारण मात्र याने सुटत नाही. जुना पॅड आतून बघितलात का?

नवखा_श्रोता

छान धागा, वाचनखूण साठवली. माझेही पॅड फाटलेत, पण काढायचे कसे तेच कळत नाही. ओढले तर काही तुटेल अशी भीती वाटते.

रेझिस्टर

बहुतेकांच्या पाठीला एक पातळ झालर असते आणि ती कपाच्या खोबणीत अडकवलेली असते. बोटाने एका जागी झालर सोडवा, मग गोल फिरत जा, सहज निघते. काहींच्या मागे प्लॅस्टिकची कडी असते, ती खटक्यांवर बसते. सेनहायझरच्या एचडी ६०० आणि एचडी ६५० ची तशीच आहे, सरळ बाहेर ओढली की टक्टक् करत सुटते. काही पॅड थोडे फिरवून काढायचे असतात. ऑडेझीच्या एलसीडी मालिकेतले गोंदाने चिकटवलेले असतात, तिथे सावकाश सोलून काढावे लागतात. आणि फिलिप्सच्या एसएचपी९५०० सारख्या काहींत पॅड बदलण्याची सोयच ठेवलेली नाही. तेव्हा आपलं मॉडेल आधी तपासा, मगच ओढा.

बसवताना झालर एका टोकाला खोबणीत घाला, अंगठ्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने ताणत गोल पुढे न्या. शेवटची दोन बोटं जागा राहते तिथे घाम फुटतो. जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा गोल कोपरा वापरून झालर आत ढकला. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. एकदा घसरला तर पॅडला भोक पडेल किंवा ड्रायव्हरच्या जाळीत घुसेल.

एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असे तिरपे पॅड असतील तर जाड बाजू कानामागे.

प्रवासी_पक्षी

नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या) हेडफोनवाल्यांनी जास्तच जपून. माझ्या हेडफोनला मी छान दिसतात म्हणून वेगळे पॅड लावले. घरात काही जाणवलं नाही. विमानात बसलो तर इंजिनाची घरघर आधीच्या दुप्पट ऐकू येतेय असं वाटलं, वर जबडा हलवला की कानात धप्प असा दाब. परत मूळ पॅड लावले आणि दोन्ही गोष्टी गेल्या.

रेझिस्टर

प्रवासी_पक्षी, त्याचं कारण असं. अशा बहुतेक हेडफोनांत एक मायक्रोफोन कपाच्या आत, ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये असतो. आत किती गोंगाट शिरला हे तो ऐकतो आणि त्याच्या उलट आवाज तयार केला जातो. हा सगळा हिशोब मूळ पॅडने बनलेल्या पोकळीवर बेतलेला असतो. पोकळी बदलली, फट वाढली की हिशोब चुकतो. हे तंत्र मुख्यतः खालच्या सुरांवर काम करतं आणि गळतीचा मारही तिथेच बसतो. वरचा गोंगाट अडवण्याचं काम मुख्यतः कप आणि पॅडचं, त्यामुळे तिथे व्हेलोर लावलं तर दोन्हीकडून तोटा.

शिवाय काही मॉडेलांत कपाच्या आत सेन्सर असतो. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये डाव्या कपात आहे, हेडफोन कानावर आहे की काढलाय ते तो ओळखतो. पॅडच्या आतल्या कापडाने तो झाकला गेला तर गाणं आपोआप थांबणं-सुरू होणं बिघडतं.

तारसप्तक

साहित्याबद्दल थोडं लिहिते, कारण लोक आधी रंग बघतात.

पीयू लेदर म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. सील छान, पण घाम आणि हवेतली आर्द्रता त्याला आतून तोडते आणि मग शब्दसूर यांनी सांगितलेले काळे पापुद्रे. हे वापरानेच होतं असं नाही, खोक्यात ठेवलेल्या पॅडलाही होतं. म्हणून पुढच्या दहा वर्षांची बेगमी म्हणून चार जोड्या घेऊन ठेवू नका. खरं कातडं जास्त टिकतं, सीलही चांगलं, पण गरम होतं. व्हेलोर कानाला सगळ्यात सुखद, घाम साचत नाही, मात्र त्यातून हवा जाते. ओपन-बॅक (कप मागून उघडा असलेल्या) हेडफोनला त्याचं फारसं वाटत नाही, कारण तो मुळातच बंद खोलीच्या हिशोबाने बनवलेला नसतो. क्लोज्ड-बॅकला मात्र आपल्या मनाने व्हेलोर लावलं तर डग्ग्याचा घुमार जातो आणि नुसती थाप उरते.

अर्थात हेडफोन व्हेलोर धरूनच घडवला असेल तर गोष्ट वेगळी. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० हा क्लोज्ड-बॅक असूनही त्याचा ८० ओहमचा प्रकार व्हेलोर पॅडसह येतो आणि खर्ज भरपूर देतो. ३२ ओहमच्या प्रकाराला कृत्रिम कातड्याचे पॅड असतात. पॅड एकमेकांना बसतात म्हणून लोक अदलाबदल करतात आणि मग आवाज बदलल्याबद्दल चकित होतात.

जाणूनबुजून केलेली अदलाबदलही असते. सोनीच्या एमडीआर-७५०६ ला बायरडायनॅमिकच्या डीटी २५० चे व्हेलोर पॅड लावायची पद्धत जुनी आहे, कारण त्याचे मूळ पॅड पातळ आणि कान जाळीला टेकतो. ग्राडोच्या पॅडमध्ये तर हा सगळा खेळ उघडच दिसतो. सपाट पॅड लावला की कान ड्रायव्हरला जवळजवळ चिकटतो आणि आवाज जाड, जवळचा होतो. वाटीसारखा खोल पॅड लावला की वाद्यं पसरतात आणि वरचे सूर पुढे येतात. ड्रायव्हर तोच, वायर तीच.

घेताना आतलं भोक मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण ६ सेंटीमीटर उंच असतो. बाहेरचा आकार जुळला तरी फोम फुगीर असेल तर आतलं भोक लहान निघतं आणि पाळी पॅडखाली चेंगरते. खोलीही बघा. कानाचं टोक जाळीला घासत राहिलं तर सुरुवातीला नुसती खाज येते आणि दुसऱ्या तासाला तेवढ्या एका ठिपक्यात आग पेटते.

चष्मिष्ट

ताई, ते शेवटचं वाक्य वाचून मला माझा उजवा कान आठवला. अगदी हेच होतं. म्हणजे माझा प्रश्न काडीबरोबर खोलीचाही आहे तर.

शब्दसूर

रेझिस्टर, सापडलं.

जुने पॅड सुदैवाने कचऱ्यात गेले नव्हते. टेबलाच्या दिव्याखाली एक पॅड उलटा धरला. मागच्या बाजूला, भोकावर आडवा ताणलेला एक पातळ काळा फोमचा पडदा आहे, कडेने पॅडलाच शिवलेला. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड. सात वर्षं मी त्याला धुळीची जाळी समजत होतो. नव्या पॅडमध्ये त्या जागी विरळ विणीचं कापड आहे, फुंकर मारली तर पलीकडच्या तळव्याला लागते. जुन्या फोममधून फुंकर जातच नाही म्हणा ना, नुसता कोमट स्पर्श होतो.

तळव्यांची चाचणीही केली. ५० हर्ट्झ. नव्या पॅडवर दाबल्याने जवळपास काही नाही. जुन्यावर दाबलं आणि खाली कुठेतरी दरवाजा उघडल्यासारखा सूर आला. हात काढले, गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. चार-पाच वेळा करून बघितलं. हे इतकी वर्षं माझ्या कानाखाली चाललं होतं आणि मी त्या आवाजाला माझा मापदंड मानत होतो.

रेझिस्टर

तो फोमचा पडदा वरचे सूर शांत करण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो. काही हेडफोनांत तो पॅडला शिवलेला, काहींत कपात सुटा ठेवलेला. सुटा असेल तर पॅड बदलताना तो टाकून देऊ नये. तुमचे 'स' टोचण्याचं मोठं कारण तिथेच आहे.

आता नव्या पॅडमध्ये तेवढ्या जाडीची, तेवढ्याच बारीक छिद्रांची गोल चकती कापून ठेवून बघा. जुन्यातली काढून वापरू नका, सात वर्षांचा फोम हातात भुगा होईल आणि तो भुगा ड्रायव्हरवर पडेल. चकती आणि ड्रायव्हरची जाळी यांत थोडं अंतर ठेवा.

आणखी एक बघा. ड्रायव्हरभोवती बॅफलवर, म्हणजे ज्या पट्टीवर ड्रायव्हर बसवलेला असतो तिच्यावर, छोटी छिद्रं आहेत का? असली तर नव्या पॅडची झालर किंवा फोम त्यांच्यावर येतोय का? ती छिद्रं खर्ज किती असावा हे ठरवण्यासाठी असतात. ती झाकली गेली तरी आवाज बदलतो.

हेमंतऋतू

एवढं सगळं करण्यापेक्षा इक्वलायझरने खर्ज कमी, वरचे सूर कमी असं करता येणार नाही का? मी विरोध करत नाहीये, खरंच विचारतोय.

रेझिस्टर

येतं, आणि तो चांगला मार्ग आहे. रुंद चढउतार इक्वलायझरने नीट सावरता येतात. पण गळती सावरता येत नाही. हेडफोन काढून परत घातला, मान वळवली, चष्मा सरकला की गळती बदलते. आज जेवढा खर्ज वाढवलात तो उद्या जास्त होईल. म्हणून आधी सील, मग इक्वलायझर.

आणि किती कमी करायचं हे ठरवायला मोजमाप हवं. महागडा कृत्रिम कान लागत नाही. छोटा इलेक्ट्रेट मायक्रोफोन जाड पुठ्ठ्याच्या भोकात पुठ्ठ्याच्या सपाटीला बसवा, त्यावर कप ठेवा, हेडबँड नेहमी फाकतो तेवढाच फाकलेला राहील अशी सोय करा आणि २० हर्ट्झपासून सलग वर चढत जाणारा सूर (स्वीप) रेकॉर्ड करा. कप उचलून परत ठेवून असं पाचदा करा आणि सरासरी घ्या. एकाच मापावर विश्वास ठेवू नका, अर्धा सेंटीमीटर सरकला तरी वरचा आलेख बदलतो. हा आलेख खरा आवाज कसा आहे ते सांगत नाही. पण पॅड अ आणि पॅड ब यांत काय बदललं, ते बऱ्यापैकी सांगतो. खर्जाबाबत एक सावधगिरी: सपाट पुठ्ठ्यावर सील आपल्या डोक्यापेक्षा चांगलं बसतं.

तारसप्तक

इक्वलायझरबाबत माझं थोडं वेगळं मत. कपाच्या आत आवाज आपटून जे अरुंद खड्डे पडतात ते भरायला जाऊ नका. ते खड्डे कानाच्या आणि कपाच्या नेमक्या स्थितीवर अवलंबून असतात. तिथे आठ डेसिबल ओतले तर एका स्थितीत सपाट होईल आणि दुसऱ्या स्थितीत किंकाळी.

शब्दसूर, तुमच्या कामासाठी मी आधी कंपनीचे मूळ पॅड मागवले असते. ते आवडतील म्हणून नव्हे, तर हेडफोन मुळात कसा होता ते कळावं म्हणून. तुमच्याकडे सध्या दोन आवाज आहेत, एक गळका आणि एक परका.

शब्दसूर

तारसप्तक, पटलं. मागवतोय.

नवखा_श्रोता

माझे पॅड बसले! कार्डाच्या कोपऱ्याची युक्ती कामी आली. शेवटच्या दोन बोटांना खरंच घाम फुटला. रेझिस्टर, मनापासून धन्यवाद. आता हे धुवायचे कसे तेही सांगा, व्हेलोर आहेत.

तारसप्तक

पॅड काढून घ्या, कोमट पाण्यात सौम्य साबण, हलक्या हाताने दाबत धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. बाहेरून कोरडे वाटले तरी आत ओल राहते, दोन दिवस लावू नका. कातड्याच्या पॅडला हे करायचं नाही, ते काम झाल्यावर ओलसर फडक्याने पुसून कोरडे करायचे. पीयू लेदरला स्पिरिट लावू नका, थर कडक होऊन लवकर तडकतो.

चष्मिष्ट

माझाही निकाल सांगतो. मऊ फोमचे, मूळ जाडीचे पण तिरपे पॅड लावले. कानामागे थोडी जास्त जागा मिळाली, आता जाळीला टेकत नाही. काडी रुतते पण दोन तासांनी, पूर्वी पाऊण तासात रुतायची. तळव्यांची चाचणी केली तर दाबल्यावर खर्ज अजून वाढतो, म्हणजे थोडी गळती आहेच. चष्म्यासह एवढं चालेल मला.

शब्दसूर

मूळ पॅड आले. काल संध्याकाळी बसवले आणि आज सकाळी ताज्या कानांनी ऐकलं.

जाडी १७ मिलिमीटर, म्हणजे माझा जुना पॅड सगळ्यात कमी दबलेल्या जागीसुद्धा तीन मिलिमीटर बसला होता. आत तोच काळा फोमचा पडदा. आणि आवाज सात वर्षं माझ्या डोक्यात होता तसाही नाही. खर्ज त्यापेक्षा जास्त आहे, पण मेंढीच्या कातड्याच्या पॅडइतका जड नाही. 'स' शांत आहे. वाचणारी व्यक्ती परत टेबलाशी येऊन बसलीय.

मग एक जुनं प्रकरण उघडलं, तीन वर्षांपूर्वी संपादित केलेलं. त्यात एका वाचकाच्या आवाजाखाली पंख्याची बारीक घुमघुम आहे. ६० हर्ट्झच्या आसपास, सबंध प्रकरणभर. तेव्हा मला ती ऐकूच आली नव्हती. गळक्या पॅडमधून ती माझ्यापर्यंत पोचलीच नसणार. आता मागची दोन वर्षांची कामं एकेक करून ऐकायला घेतलीत.

मेंढीच्या कातड्याच्या पॅडमध्ये चकती कापून घातली. 'स' बराच निवळला, पण बाई अजून पाऊणएक पाऊल मागे बसतात, ते अंतर जाडीचंच असावं. ते पॅड निव्वळ ऐकण्यासाठी ठेवतो, तीन तासांचा आराम सोडवत नाही. कामाला मूळ पॅड. हेडबँडवर आतल्या बाजूला पॅड बदलल्याची तारीख लिहून ठेवलीय आणि दर महिन्याला तळव्यांची चाचणी करणार आहे.

बिघडवलेली दोन्ही प्रकरणं कच्च्या रेकॉर्डिंगवरून नव्याने केली. पहिल्या प्रकरणात एका आजीचं बोलणं आहे आणि वाचणाऱ्या बाईंनी तिथे दात नसल्यासारखा किंचित फुसफुसणारा 'स' मुद्दाम काढलाय. मी तो दोष समजून पुसून टाकला होता. आज तो परत होता तिथे आहे.

रेझिस्टर

पंख्याची ती घुमघुम काढताना फिल्टर ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका, पुरुष वाचकाच्या आवाजाचा पाया तिथूनच जवळ सुरू होतो. आणि जमलं तर जुन्या, नव्या आणि मूळ अशा तिन्ही पॅडचे पुठ्ठ्यावरचे आलेख इथे टाका. बघायला फार आवडेल.

शब्दसूर

मायक्रोफोन आणलाय. पुठ्ठा कापतोय.